एका रेघेची खाडाखोड

ट्रान्समीटर चालवायला प्रमाणपत्र लागतं असं सांगितलं की लोक हसतात. "चालवायचं काय त्यात? तो तर चालूच असतो!" माझ्या नणदेचं म्हणणं आणखी पुढचं. रेडिओ आता ऐकतंच कोण, तर तुम्ही परीक्षा कसल्या घेता? मी तिच्याशी वाद घालत नाही. वाद घालायला लागले की माझा आवाज चढतो आणि वाढलेली ताटं तशीच राहतात.

तर लागतं प्रमाणपत्र. आमच्या संस्थेची चार-पाच जिल्ह्यांत रेडिओ केंद्रं आहेत. धुळ्याचं केंद्र गावाबाहेर, सोनगीरच्या रस्त्याला. एक मनोरा, त्याच्या पायाशी एक हॉल, हॉलमध्ये लोखंडी कपाटाएवढा ट्रान्समीटर, शेजारी टेबल, खुर्ची आणि नोंदवही. मी तिथे आठ वर्षं शिफ्ट इंजिनिअर होते, मग जळगावला बदली झाली. त्याच सुमारास वरून नियम आला की ट्रान्समीटरवर एकट्याने ड्यूटी करणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं. पाच दिवसांचं प्रशिक्षण, एक लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक. ज्याच्याकडे नसेल त्याला ट्रान्समीटरवरून काढून संस्थेत जिथे जागा असेल तिथे पाठवायचं. आणि या प्रशिक्षणाची प्रशिक्षक कोण, तर मी.

मी चांगलं शिकवायचे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. स्वभाव माझा तिरसट. वर्गात कुणाचा मोबाइल वाजला की मी बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत उभी राहायचे, त्याला घाम फुटेपर्यंत. पण शिकवलेलं डोक्यात बसायचं, हेही खरं.

दुसऱ्या तुकडीत नाना आले.

नाना धुळ्याच्या केंद्रावरचे तंत्रज्ञ. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. केंद्र उभं राहिलं तेव्हा मनोरा रंगवायला आलेल्या टोळीतले ते एक. बाकीची टोळी रंग लावून गेली, हे राहिले. आधी मदतनीस, मग तंत्रज्ञ. आयटीआयसुद्धा नाही. पण मनोऱ्याचा प्रत्येक बोल्ट त्यांच्या हाताखालून गेलेला, आणि ट्रान्समीटरचा आवाज त्यांना एवढा पाठ की चहा पिता पिता मान वर करायचे आणि म्हणायचे, "डाव्या बाजूचा पंखा कुरकुरतोय." आम्ही कान देऊन ऐकायचो, काही कळायचं नाही. दोन दिवसांनी तोच पंखा बंद पडायचा.

ते राहतात पारोळ्याला. रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला येणं, संध्याकाळी परत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दोन्ही मुलं सुरतेला कामाला. सकाळी उठून बायकोची आंघोळ, वेणी, तिला खाऊ घालणं, दुपारची भाकरी हाताशी झाकून ठेवणं, शेजारच्या अक्कांना आवाज देणं, आणि मग एसटी. संध्याकाळी पुन्हा तेच. हे सगळं ते कधी रडगाणं म्हणून सांगायचे नाहीत. "वेणी आता मला बायकांपेक्षा चांगली जमते" असं हसत सांगायचे.

आता प्रमाणपत्र मिळालं नाही तर नानांना पाठवणार कुठे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जागा एकाच केंद्रात रिकामी होती, कोकणात, समुद्राकाठी. पारोळ्याहून तिथे जायला रात्र आणि अर्धा दिवस लागतो. बायकोला तिथे नेणं शक्य नव्हतं आणि इथे ठेवणंही.

आता ती नोंदवही काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ट्रान्समीटरवर ड्यूटीला असलेल्या माणसाने दर तासाला उठायचं, यंत्रावरचे आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे. किती पावर बाहेर जाते, किती उलटी परत येते, आतलं तापमान किती, विजेचा दाब किती. एका तासाला एक ओळ. शेवटी लिहिणाऱ्याची सही, आणि पानाच्या तळाला शिफ्ट इंजिनिअरची, "तपासले" म्हणून.

गंमत अशी की हे आकडे बदलतच नाहीत. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस तेच. आणि ड्यूटीला माणूस एकटा. त्यानेच जनरेटरचं डिझेल बघायचं, मनोऱ्याचा दिवा बघायचा, स्टुडिओतून फोन आला तर उचलायचा. त्यात एखादा तास चुकला, वहीत रकाना रिकामा राहिला, की वरून मेमो आलाच म्हणून समजा. भरलेला रकाना मात्र कुणी वाचत नाही. मग धुळ्याच्या केंद्रात एक रीत पडली. ड्यूटीवर आलं की पहिल्यांदा बसायचं आणि पुढच्या सगळ्या तासांचे आकडे एका दमात लिहून टाकायचे. आठचे, नऊचे, दहाचे, थेट दोनपर्यंतचे. मग दिवसभर मोकळं. माझ्या माहितीत हा उद्योग दुसऱ्या कुठल्याच खात्यात चालत नसेल, की माणूस सकाळी आठला दुपारच्या दोनची हजेरी लिहितो आणि ती बरोबरही निघते.

मला ही रीत नानांनीच शिकवली. डिप्लोमा करून नवी लागले होते, नियमांचं पुस्तक पाठ होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोनपर्यंतची ओळ न् ओळ भरून ठेवलेली मी पाहिली आणि म्हटलं, "नाना, हे काय?" ते म्हणाले, "लिहून ठेवायचं ताई, पण कान उघडा ठेवायचा." आणि ते तसंच करायचे. लिहिलेलं असायचं, पण ते स्वतः हॉलमध्येच फिरत असायचे. आवाजात फरक पडला की यंत्रासमोर हजर.

मी रीत उचलली, कान राहिला. महिन्याभरात मीही दोनपर्यंत लिहून पुस्तक वाचत बसू लागले. एका सकाळी मनोऱ्याकडे जाणाऱ्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलं आणि उलटी येणारी पावर वाढत गेली. मला पत्ता नाही. मनोऱ्याखाली गवत काढत असलेले नाना आत आले, यंत्राकडे पाहिलं आणि सरळ पावर उतरवली. आणखी थोडा वेळ गेला असता तर आतला महागडा भाग जळाला असता, आणि वहीत माझ्या हाताने लिहिलेलं असतं की सगळं आलबेल. नानांनी वही ओढली. माझ्या दहा वाजताच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, वर खरा आकडा लिहिला, बाजूला स्वतःची आद्याक्षरं. "मी आलो होतो दहाला बघायला," म्हणाले, "असंच समजा." मला त्या दिवशी रडू आलं होतं. ते गवत काढायला परत गेले.

त्यानंतर मी शिफ्ट इंजिनिअर झाले, आणि आठ वर्षं त्या आधीच भरलेल्या पानांच्या तळाला "तपासले" म्हणून सही करत राहिले. मला सगळं माहीत होतं. हे वाक्य लिहायला सोपं वाटतंय आता.

तर नाना माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. पारोळ्याहून जळगावला रोज एसटीने यायचे, बायकोला त्या पाच दिवसांसाठी जास्त वेळ शेजारच्या अक्कांच्या भरवशावर टाकून. पेपर इंग्रजी आणि हिंदीत. नानांचं इंग्रजी यंत्रावरच्या पाट्यांपुरतं. मी त्यांच्यासाठी सगळं मराठीत लिहून काढलं होतं, वहीच्या वही. डेसिबल हे प्रकरण त्यांच्या पचनी पडेना. तीन डेसिबल वाढले की पावर दुप्पट, दहा वाढले की दहापट, हे का? मी जीव तोडून सांगायचे. शेवटी म्हणाले, "का ते राहू द्या. किती ते पाठ करतो." आणि केलं पाठ. एसटीत म्हणत यायचे. कंडक्टरला वाटलं की जप करतात.

तिसऱ्या दिवशी नोंदवहीचा तास होता. मी फळ्यावर लिहिलं. आकडा बघितल्याशिवाय लिहायचा नाही. वेळ चुकली तर रकाना अंदाजाने भरायचा नाही, उशिरा लिहायचं आणि लिहितानाची खरी वेळ टाकायची. चूक झाली तर गिरवायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर ते, बाजूला सही. आणि ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. हे सगळं मी गंभीर चेहऱ्याने सांगत होते आणि समोर नाना तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने उतरवून घेत होते.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "ताई, फार छान सांगता तुम्ही. आपल्याकडे कधी सुरू करायचं?"

मी हसून हसून कप सांडला.

लेखी पेपरात नाना पास झाले, काठावर का होईना. डेसिबलचे सगळे प्रश्न बरोबर. राहिलं प्रात्यक्षिक. ते धुळ्याला, त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच यंत्रावर. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

पण एक गोष्ट मला माहीत होती जी परीक्षार्थींना माहीत नसते. प्रात्यक्षिकात उमेदवाराला दीड तास ड्यूटीवर बसवतात आणि दर अर्ध्या तासाला नोंद करायला सांगतात. तेवढ्यात कधीतरी परीक्षक मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पावर गुपचूप खाली आणतो. उमेदवार बघून लिहितो की आठवणीने लिहितो, ते कळतं. प्रशिक्षकांना हे सांगितलेलं असतं, आणि कुणाला सांगणार नाही असं लिहून घेतलेलं असतं.

जळगावच्या स्टँडवर मी नानांना सोडायला गेले. खरं तर सोडायला जायचं काही कारण नव्हतं. एसटी लागली, ते चढायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "नाना, उद्या दर अर्ध्या तासाला उठून बघा हं. बघा आणि मगच लिहा."

"म्हणजे काय! परीक्षा आहे ताई."

"नाही, ऐका माझं. बघा आणि मगच लिहा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाले आणि चढले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांना कळलं, असं मी धरून चालले.

बाहेरचे परीक्षक आले ते मृदू बोलणारे, गळ्यात मफलर, थर्मासमधून गरम पाणी पिणारे गृहस्थ. एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी. साडेदहाला त्यांनी नानांना खुर्चीवर बसवलं, ठरलेल्या पानावर साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा अशा वेळा स्वतःच्या हाताने लिहून दिल्या, आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. दार अर्धवट उघडं होतं. तिथून नानांची पाठ दिसायची, वही नाही.

साडेअकराला दहा कमी असताना परीक्षकांनी पावर उतरवली. मी मनात म्हणत होते, उठा नाना, साडेअकराला उठा. पण नाना साडेअकराच्या आधीच उठले. पावर कमी झाली की आतली उष्णता कमी होते आणि पंखे मंदावतात. आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. नाना यंत्रासमोर गेले, वाकून आकडा बघितला आणि लगबगीने आमच्या दाराशी आले.

"साहेब, पावर खाली आली. विजेचा दाब ठीक आहे, तापमान ठीक आहे, उलटी पावर पण कमी आहे. म्हणजे बिघाड नाही, कुणीतरी हात लावला आहे."

परीक्षकांचा चेहरा खुलला. खरंच खुलला. "वा," म्हणाले, "हे आजवर असं न बघता कुणी ओळखलं नव्हतं." मला फार अभिमान वाटला. ते उठले, नानांच्या खांद्यावर हात ठेवून हॉलमध्ये गेले आणि वही उघडली.

घड्याळात साडेअकराला पाच कमी होते आणि वहीत बारा वाजून गेले होते. चारही ओळी भरलेल्या, एका शाईत, एका हातात, तेच नेहमीचे आकडे.

परीक्षकांनी चारही ओळी वाचल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कधी लिहिलं?"

"बसल्या बसल्या," नाना म्हणाले. खोटं बोलणं त्यांना सुचलंच नाही.

परीक्षकांनी त्याच वहीची आधीची पानं उलटली. एक, दोन, दहा. मग कपाटातून गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या वह्या काढायला लावल्या. सगळीकडे तेच, डोळा असलेल्या कुणालाही दिसावं असं. ओळीत कुठे हात थांबलेला नाही, शाई बदललेली नाही. आणि तळाला सही. जुन्या वह्यांत पानापानावर माझी.

"मॅडम," ते तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "ही तुमचीच सही ना? हे असं आधी लिहितात, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी उत्तर देणार होते. काय देणार होते ते आज सांगता येत नाही. मी घाबरले, एवढं नक्की. जळगावचं घर, मुलीची शाळा, प्रशिक्षकपद, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "त्यांना कसं माहीत असेल साहेब? मी लपवून करायचो. त्यांची सही घ्यायच्या आत पान भरून मोकळा. त्यांना वाटायचं, वेळेवर लिहिलं."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ना हो, ना नाही, नुसती हलवली. ते त्यांनी नानांच्या बोलण्याला होकार समजून लिहून घेतलं, आणि ते तसं समजतील हे मला कळत होतं.

नियम असा आहे की प्रात्यक्षिकात चूक झाली तर तीन महिन्यांनी पुन्हा बसता येतं. फसवणूक झाली तर नाही. रीत म्हणून सगळेच करत होते, वरच्यांना ठाऊक होतं, असं निघालं असतं तर ती चूक ठरली असती. लपवून केलं म्हटल्यावर फसवणूक ठरली. नानांना हे माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांत त्यांचा बदलीचा कागद निघाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला कोकणातल्या केंद्रात हजर व्हायचं.

मी त्यांना फोन केला नाही. रोज करणार होते. दुपारी डबा खाताना ठरवायचे, संध्याकाळी करू. संध्याकाळी वाटायचं, आता ते वेणी घालत असतील.

पुढची तुकडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर तेच लिहिलं, एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. भडगावकडची एक मुलगी होती तुकडीत, फार चिकित्सक. तिने हात वर केला. "मॅडम, चूक एकाने केली आणि दिसली दुसऱ्याला, तर कुणी खोडायची?"

"ज्याने लिहिलं त्याने," मी म्हटलं. "दुसऱ्याने हात लावायचा नाही. दुसऱ्याने खोडली की वाटतं, त्याचीच होती."

ती लिहून घेत होती.  मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि तास संपेपर्यंत आलेच नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

त्या रविवारी मी घरी बसून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि टपालात टाकायच्या आधी पारोळ्याला गेले. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. पत्र पोचल्यावर बदली थांबली. माझं प्रशिक्षकपद गेलं आणि मला परत धुळ्याच्या हॉलमध्ये शिफ्टवर बसवलं. नणंद म्हणाली, "बरं झालं, तिथे तरी तुझं ओरडणं ऐकायला माणसं कमी." नानांना फेरपरीक्षा मिळाली आणि ते तेवढ्याच काठावर पास झाले. पण हे सगळं व्हायच्या आधी ते पत्र त्यांनी वाचलं.

घर किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत. दार उघडंच होतं. नाना ओट्यावर पिशव्या बांधत बसले होते. कोकणात न्यायच्या की घरातच आवरायच्या, ते मी विचारलं नाही. आतून बायकोचा ओढलेला आवाज आला, अहिराणीत, "कोन शे?"

"आपली ताई शे," त्यांनी सांगितलं. राग नाही, आनंद नाही. मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मी पत्रच पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावला. माझं पत्र दीड पानी होतं. धुळ्याच्या केंद्रात आकडे आधी लिहायची रीत फार जुनी, ती सगळेच पाळायचे, एकट्या तंत्रज्ञाची फसवणूक समजू नये, असं सगळं. नाना सावकाश वाचत होते, ओळीखाली बोट ठेवून. मध्येच एकदा म्हणाले, "त्या दिवशी तुमचं सांगणं माझ्या ध्यानात होतं बरं. उठून बघायचं, हे पक्कं ठरवलं होतं. पण वही समोर आली आणि हात चालायला लागला. चार ओळी झाल्या तेव्हा आठवलं."

"मग एक रेघ मारायची होती ना, नाना!"

"चारही ओळींवर? मला वाटलं, पान घाण दिसेल." आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही.

ते पुन्हा वाचू लागले. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मला माहीत होतं ते कुठल्या ओळीवर आहे. मी तिथे लिहिलं होतं, "सदर पद्धतीची मला थोडीफार कल्पना होती."

"ताई," ते म्हणाले. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, एवढ्या वर्षांत एकदाही नाही, आणि माझ्याशी अहिराणीत बोलतानाही. "हाई 'थोडीफार' काय शे?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आठ वर्सं सही कोनी शे?"

"माझी."

"मंग? मी खोटं बोलनू ते तुमनासाठे. तुम्ही कोनासाठे बोली राहिन्यात?"

आतून बायकोने काहीतरी विचारलं. ते तिला "काही नही" म्हणाले, पण नजर माझ्यावरच. मला त्या ओट्यावरून उठून पळून जावंसं वाटलं, आणि खरं सांगते, त्यांच्या पायांवर डोकंही ठेवावंसं वाटलं. यातलं काहीच केलं नाही. पर्समधून पेन काढलं.

"थोडीफार कल्पना होती" यावर मी एक रेघ मारली, सरळ, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, "पूर्ण माहिती होती." बाजूला आद्याक्षरं.

नानांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत माझ्या चुकीवर मारलेली त्यांची रेघ त्यांना आठवली का, कुणास ठाऊक. मला आठवली. त्यांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि आद्याक्षरांशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"वेळ टाका," ते म्हणाले.

मी आधी घड्याळ पाहिलं आणि मग लिहिलं.